पडद्यावरील प्रकाशाचे परीक्षक

घरच्या दिवाणखान्यासाठी हाय डेफिनिशन प्रोजेक्टर विकत घेण्यास निघालेला आजचा गृहस्थ दुकानात शिरताच पहिला प्रश्न ‘लुमेन किती?’ असा करतो, आणि विक्रेताही मोठ्या तत्परतेने चार आकडी संख्या उच्चारून त्याचे समाधान करतो. परंतु या एवढ्याशा प्रश्नोत्तरामागे शंभराहून अधिक वर्षांची परंपरा उभी आहे, याची जाणीव त्या दोघांपैकी बहुधा एकालाही नसते. काचेवरचे किंवा फितीवरचे चित्र प्रकाशाच्या साहाय्याने मोठे करून दाखवणारे यंत्र आपल्या मुलखात आल्यापासून ते चांगले की वाईट हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, त्याने ती पारख कोणत्या कसोटीवर केली, आणि तो अधिकार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती कसा गेला, ही हकीकत यंत्राच्या हकीकतीइतकीच मनोरंजक आहे. किंबहुना माझ्या मते अधिक, कारण यंत्रे पॅरिसहून आणि लंडनहून आली, पण त्यांची पारख करणारे डोळे येथले होते.

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने 1659 च्या सुमारास जी जादूची कंदील-पेटी सिद्ध केली, तिचा प्रवास होत होत ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात पोचली, आणि कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने 1892 साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने तिचे स्वदेशी प्रयोग सुरू केले. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक आख्यानांतील दृश्ये, त्यांना निवेदनाची आणि गाण्याची जोड, आणि समोर पांढरा पडदा, असा तो थाट असे. येथे यंत्र जुळवणारा, चित्र रंगवणारा आणि त्याचा खरेखोटेपणा जोखणारा ही सारी मंडळी एकाच कुटुंबातली होती. भिंगाच्या कडेला रंगांची झालर दिसते काय, चित्राचा मध्य स्पष्ट असताना कोपरे धूसर होतात काय, दिव्याच्या उष्णतेने काच तडकेल काय, या कंदील चालवणाऱ्या कोणाही माणसापुढच्या शंका. आणि त्यांचे निरसन करण्यास दुसरा कोणी तज्ज्ञ उपलब्ध नव्हता. दिव्याच्या मंदपणाची मात्र त्या काळी फारशी तक्रार नसावी असे मला वाटते. घासलेटच्या वातीचा प्रकाश आजच्या मानाने किती क्षीण! पण विजेचे दिवे ज्या गावात आलेले नाहीत, तेथील अमावास्येच्या रात्रीचा अंधार किती गाढ असे, आणि त्या अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढ्याच उजेडात किती दिसत असे, हे ज्याने अनुभवले असेल त्याला या यंत्राचे अर्धे सामर्थ्य यंत्राबाहेर होते हे वेगळे सांगावे लागणार नाही. युरोपात चुन्याच्या खड्यावर प्राणवायू व उज्जवायूची ज्योत सोडून धवल प्रकाश काढण्याची तजवीज झालेली होती. ती मोठ्या नाट्यगृहांसाठी आवश्यक होती, वाड्याच्या चौकासाठी नव्हे.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला खेळ मारियुस सेस्तिए याने एक रुपया दराने दाखवला, आणि परीक्षेचा विषयच बदलला. चित्र आता हलत होते. पण ते चित्रातल्या माणसांबरोबर स्वतःही हलत होते. हाताने दांडी फिरवून सेकंदाला सुमारे सोळा चित्रे भिंगासमोर थांबवायची आणि पुढे ढकलायची, या क्रियेत जराशी विसंगती झाली की पडद्यावर धरणीकंप होई. आणि एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत प्रकाश अडवणाऱ्या झडपेमुळे जी लुकलुक होई, तिने प्रेक्षकांचे डोळे दुखत. पुढे झडपेला तीन पाती बसवून दर चित्राला तीनदा अंधार देण्याची युक्ती निघाली, आणि अंधाराचे प्रमाण न घटवता त्याची गती वाढवल्याबरोबर लुकलुक नाहीशी झाली. शास्त्राच्या इतिहासात अंधार वाटून वाटून नाहीसा करण्याचा असा प्रकार विरळाच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मूळचे छायाचित्रकार. त्यांनी लंडनहून 21 गिनींना रायली कंपनीचा कॅमेरा मागवून 1899 साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले आणि फीत धुण्यासाठी पुन्हा लंडनला धाडली. छायाचित्रकाराच्या नजरेने प्रकाश आणि छाया यांचे प्रमाण जोखणारा हा आपल्याकडचा पहिला चलच्चित्र-परीक्षक म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतरचा परीक्षक अधिक थोर, आणि त्याची प्रयोगशाळा होती त्याचे राहते घर. गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून झपाटलेल्या दादासाहेब फाळक्यांनी एक लहानसा कॅमेरा व काही फिती मिळवल्या, आणि मेणबत्तीचा उजेड भिंगावर एकाग्र करून रात्री घरातल्या भिंतीवर चित्रे पाडून पाहण्याचा सपाटा लावला. दिवसा चित्रपटगृहात चार-चार पाच-पाच तास आणि रात्री घरच्या भिंतीसमोर, असा क्रम चालवल्याने अखेर त्यांची दृष्टी गेली, आणि नेत्रवैद्याच्या उपचाराने आणि चष्म्यांच्या साहाय्याने ती पुन्हा मिळवावी लागली. ‘होम थिएटर’ ही कल्पना आपण सधन कुटुंबांची अलीकडची चैन समजतो. परंतु मराठी माणसाच्या घरातील या व्यसनाचा पहिला बळी 1910-11 च्या सुमारास पडला होता, आणि त्याच व्यसनातून 1913 च्या मे महिन्यात कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी व त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनीही आरंभ प्रोजेक्टरपासूनच केला. मुंबईच्या जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवीत दाखवीत त्यांनी त्या यंत्राचे मर्म जाणून घेतले, आणि आनंदरावांच्या निधनानंतर बाबुरावांनी 1918 च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा घडवला. चित्र कसे पडते हे ज्याने तपासले त्यालाच चित्र कसे घ्यावे हे उमगले, हा क्रम चित्रपटकलेच्या अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

यानंतर सरकार मध्ये पडले, आणि ते आगीच्या भीतीने. त्या काळची फीत नायट्रोसेल्युलोजची. तिच्या अंगीच प्राणवायू असल्याने एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नसे. 4 मे 1897 रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात चित्रपटयंत्राच्या ईथरच्या दिव्यामुळे आग भडकून शंभराहून अधिक माणसे, त्यात बहुसंख्य स्त्रिया, मृत्युमुखी पडली होती, आणि त्या बातमीने जगभरचे अंमलदार सावध झाले होते. हिंदुस्थानात 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. त्याची सेन्सॉरची बाजू सर्वांना ठाऊक असते, पण त्याची दुसरी बाजू खेळाच्या जागेच्या परवान्याची आणि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची होती. परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्यात मॅजिस्ट्रेटकडे व मुंबईसारख्या शहरात पोलीस कमिशनरकडे. यंत्राची खोली अग्निरोधक हवी, तिच्या झरोक्यांना ताबडतोब पडणाऱ्या लोखंडी झापा हव्यात, वाळूच्या व पाण्याच्या बादल्या हाताशी हव्यात, यंत्र चालवणारा परवानाधारक हवा, अशा शर्तींची यादी पुढील नियमांतून लांबत गेली. तपासनीस येई, बादल्या मोजी, तारा पाही, दाखल्यावर सही करून निघून जाई. पडद्यावर चित्र कसे दिसते ही बाब त्याच्या कलमांत बसत नव्हती. सरकारी नजरेला उत्तम प्रोजेक्टर म्हणजे जो पेटत नाही तो, आणि अनेक दशके ही कसोटी सर्वथैव योग्य होती.

चित्राचा खरा परीक्षक त्या लोखंडी खोलीत उभा असे, आणि त्याला सर्वजण ‘ऑपरेटर’ म्हणत. या माणसाविषयी मराठीत जेवढे लिहिले जावयास हवे होते त्याच्या शतांशही लिहिले गेलेले नाही. नट, दिग्दर्शक, गायिका यांची चरित्रे निघाली. पण त्या सर्वांचे तेज ज्याच्या हाती होते तो घामाने निथळत, दोन यंत्रांच्या मध्ये, कर्बाच्या कांड्यांकडे डोळे लावून बसला होता. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची कमान पेटे आणि तिच्या मुखाशी साडेतीन हजार अंशांहून अधिक उष्णता उत्पन्न होई. कांड्या जळत जळत आखूड होत, म्हणून त्यांच्यातील अंतर सतत सावरावे लागे. अंतर वाढले की प्रकाश निळसर होऊन थरथरे, कमी झाले की मंदावे, आणि नायिकेच्या चेहऱ्यावर अवेळी सावली येई. खिडकीतून फीत जाताना तिच्यावरचा दाब जास्त झाला तर भोके फाटत, कमी झाला तर चित्र नाचे. माल्टीज क्रॉस नावाचे जे चौपाखी चक्र फितीला सेकंदाला चोवीस वेळा थांबवून पुढे सरकवी, त्याची झीज ऑपरेटर कानाने ओळखी. तेलाची वेळ झाली हे त्याला आवाज सांगे. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपे. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके, त्या इशाऱ्यावर दुसरे यंत्र सुरू करायचे, दुसऱ्या ठिपक्याला पहिल्याची झडप पाडून दुसऱ्याची उघडायची, आणि प्रेक्षकाला या सत्तांतराचा पत्ताही लागू द्यायचा नाही. ज्या खेळात ऑपरेटरची कोणाला आठवण झाली नाही तो खेळ उत्तम, असा त्या धंद्याचा दंडक होता.

त्याच्या परीक्षेची पद्धत साधी होती. खेळ सुरू होण्यापूर्वी फीत न लावता नुसता प्रकाश पडद्यावर सोडायचा आणि चारही कोपरे मध्याइतके उजळ आहेत की नाहीत हे पाहायचे. मग झडप बंद करून पडदा पूर्ण काळा होतो काय हे पाहायचे, कारण दरवाजाच्या फटीतून, बाहेर जाण्याच्या लाल दिव्यातून, बाल्कनीतल्या विडीतून जो प्रकाश येतो तो चित्रात मिसळल्यावाचून राहत नाही. दोन पात्यांची झडप दर चित्राला दोनदा अंधार करीत असल्यामुळे तीन तासांच्या चित्रपटात प्रेक्षक जवळजवळ दीड तास काळ्या पडद्यासमोर बसलेला असे, आणि त्या दीड तासाचेही पैसे त्याने आनंदाने भरलेले असत.

शहरातील चित्रपटगृहाबाहेर पडून जत्रेत गेले की परीक्षक पुन्हा बदले. पुसेगावसारख्या यात्रांतून तंबूचे टूरिंग टॉकीज उभे राही. डिझेलचे जनरेटर धडधडे, यंत्र पुष्कळदा ट्रकमध्येच बसवलेले असे, आणि पडदा वाऱ्याने फुगे. तेथे तपासनीस क्वचित येई, परंतु हजार-बाराशे प्रेक्षकांची पंचाईत दर क्षणाला निकाल देई. चित्र धूसर झाले की शिट्ट्या, फीत तुटली की आरोळ्या, आवाज बसला की मातीची ढेकळे! या न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. पण तेथे कोणी खोटा आकडाही सांगू शकत नसे. गणेशोत्सवात गल्लीच्या मधोमध पडदा टांगून सोळा मिलिमीटरच्या यंत्रावर जे सिनेमे दाखवले जात, त्यांचे प्रेक्षक तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसत, आणि मागच्या बाजूच्या मंडळींना नायक डावखुरा व नामावली उलटी दिसत असूनही त्यांची काही तक्रार नसे. त्या पातळ कापडातून अर्धा प्रकाश पलीकडे निसटतो, म्हणजे अलीकडच्यांना तो तेवढा कमी मिळतो, हा हिशेब कोणी मांडला नाही. गल्लीतला दिवा मात्र कोणीतरी खांबावर चढून आठवणीने बंद करी.

घरगुती यंत्राचा इतिहास याला समांतर, पण आपल्याकडे क्षीणच वाहिला. 1922 अखेरचे पॅथे बेबी आणि 1923 चे कोडॅकचे सोळा मिलिमीटर ही दोन्ही न भडकणाऱ्या फितीची असल्यामुळे घरात ठेवण्याजोगी होती. परंतु ती राजेरजवाड्यांच्या आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या बंगल्यांपलीकडे फारशी गेली नाहीत. 1972 साली अमेरिकेत हेन्री क्लॉस याने तीन नळ्यांचा सात फुटी पडद्याचा दूरदर्शन-प्रोजेक्टर विकावयास काढला. त्या घराण्यातील यंत्रांचा काळा रंग अप्रतिम असे, पण तांबड्या, हिरव्या व निळ्या नळ्यांची चित्रे एकमेकांवर नेमकी बसवण्यात जाणकारालाही तास मोडावे लागत. मराठी मध्यमवर्गाने 1982 च्या एशियाडनंतर जो घरगुती सिनेमा अनुभवला, तो भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर एका रात्रीत तीन-चार कॅसेट उरकण्याचा, शेजाऱ्यांकडून वर्गणी काढून. चित्राच्या गुणवत्तेचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. पहाटेपर्यंत जागे राहणे हीच कसोटी होती.

पुढची उडी अर्धवाहकांची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीतील लॅरी हॉर्नबेक याने 1987 साली अशी चकती तयार केली की जिच्यावर सूक्ष्म आरसे बसवलेले असून प्रत्येक आरसा सेकंदात हजारो वेळा डावी-उजवीकडे कलतो आणि प्रकाश एकतर पडद्याकडे पाठवतो किंवा आत गिळून टाकतो. दुसऱ्या बाजूने द्रवस्फटिकांच्या काचा आल्या, तिसऱ्या बाजूने या दोहोंचा संकर. आणि शतकाच्या अदलाबदलीनंतर एका चित्रात आडवे 1920 व उभे 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके दाखवणारे यंत्र सामान्य वेतनदाराच्या आवाक्यात आले. 2005 नंतरच्या दहा वर्षांत चित्रपटगृहांतूनही फीत गेली, उपग्रहावरून आणि डिस्कवरून चित्रपट येऊ लागले, आणि लोखंडी खोलीतला तो घामाघूम माणूस निरोप न घेता निघून गेला. तपासनीस पूर्वीच निरुपयोगी झाला होता, कारण आता पेटण्यासारखे काही उरले नव्हते. तंबूतली पंचाईत पांगली. परीक्षेची सारी जबाबदारी अखेर त्या गृहस्थावर येऊन पडली, ज्याला तिची तालीम कोणी दिलेली नव्हती. आणि त्याच्या हाती उरले कंपनीने छापलेले आकडे.

ते आकडे सर्वस्वी खोटे असतात असे मी म्हणणार नाही, पण ते वकिलाच्या साक्षीसारखे असतात: विचारलेल्या प्रश्नापुरते खरे. ‘1080 चालते’ असे खोक्यावर लिहिलेले असते त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की तेवढ्या ठिपक्यांचे चित्र यंत्र आत घेते. स्वतः मात्र ते त्याच्या चतुर्थांशाहून कमी ठिपक्यांत दाखवते. प्रकाशाचा आकडाही तसाच. 1992 साली अमेरिकेत एक प्रमाण ठरले, त्यानुसार पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर प्रकाश मोजावा आणि सरासरी काढावी. स्वस्त यंत्रांचे विक्रेते जे लुमेन सांगतात ते या रीतीने मोजलेले असतीलच असे नाही. आणि मोजलेले असले तरी किती हवेत? जुन्या चित्रपटगृहांचे प्रमाण साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटास सोळा लुमेन असे होते. शंभर इंची कर्णाचा आजचा पडदा सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून किंचित उंच, म्हणजे सुमारे तीस चौरस फुटांचा; त्यास पूर्ण अंधारात पाचशेहून कमी लुमेन पुरतात. दिवा म्हातारा होत होत निम्म्यावर येतो हे धरून हजार घ्यावेत. दुकानात गृहस्थाला जे तीन हजार विकले जातात, ते खिडकीतून येणाऱ्या उजेडाशी भांडण्यासाठी असतात, चित्रासाठी नव्हे. ठिपक्यांची गोष्टही अशीच: निरोगी डोळ्याला एका कोनमिनिटाहून लहान भेद दिसत नाही, त्यामुळे या शंभर इंची पडद्यापासून तेरा फुटांपलीकडे बसणाऱ्याला याहून बारीक ठिपक्यांसाठी पैसे मोजून काही लाभ नाही.

या सर्व आकड्यांत जो सर्वाधिक फुगवलेला असतो तो काळ्या-पांढऱ्याच्या तफावतीचा. संपूर्ण पांढरे चित्र दाखवून मोजायचे, मग संपूर्ण काळे दाखवून मोजायचे, आणि काळ्याच्या वेळी आतली झडप गुपचूप मिटवून घ्यायची, अशा रीतीने लाखांचे प्रमाण सहज निघते. परंतु काळे-पांढरे मिळून सोळा चौकोन एकाच वेळी दाखवले की तेच यंत्र शेकड्यांवर येते. आणि तेही प्रयोगशाळेत. कारण काळा रंग कोणताच प्रोजेक्टर टाकू शकत नाही. पडद्यावर काळे म्हणून जे दिसते तो त्या खोलीचा अंधार असतो, आणि पांढऱ्या चौकोनांतून उसळलेला प्रकाश छतावर आणि भिंतींवर आपटून त्या अंधारात परत येतो. पुण्यामुंबईच्या सदनिकांत छत शुभ्र, भिंती फिक्या, फरशी चकचकीत. अशा खोलीत पन्नास हजारांचे आणि पाच लाखांचे यंत्र शेजारीशेजारी लावले तर रात्रीच्या प्रसंगांत त्यांच्यातला भेद ओळखण्यास जाणकारही चाचरतो.

म्हणून मला कोणी सल्ला विचारला तर मी त्यास जुन्या ऑपरेटरची रीत सांगतो. दुकानातला खेळ पाहू नये, कारण तो समुद्रकिनाऱ्याचा आणि फुलांच्या ताटव्याचाच असतो. यंत्र दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणावे. दिवे मालवून नुसते पांढरे पाडावे आणि चारी कोपरे पाहावेत. मग नुसते काळे पाडावे, पाच मिनिटे डोळे सरावू द्यावेत आणि पडदा सोडून छताकडे पाहावे. स्वतःच्या हाताची बोटे मोजता आली तर पैसे यंत्रावर वाढवण्यापूर्वी गडद रंगाच्या डब्यावर आणि जाड पडद्यांवर खर्च करावेत. ते कितीतरी स्वस्त पडतात. इथपर्यंत गृहस्थ मान डोलावतो. दिवाणखान्याचे छत काळपट रंगवण्याचा विषय काढला की मात्र आतल्या खोलीतून हरकत येते, आणि तिच्यावर अपील नसते.